टेक: घेणं, नेणं, लागणं

मराठीत परीक्षा विद्यार्थी देतो आणि शाळा घेते. इंग्रजीत बरोबर उलट. तिथे विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि शिक्षक ती 'गिव्ह' करतो. 'आय गेव्ह माय एक्झाम यस्टर्डे' हे वाक्य पुण्यात किंवा नागपुरात कुणाला खटकत नाही, कारण ऐकणाऱ्याच्याही डोक्यात 'परीक्षा दिली' हेच असतं. पण हेच वाक्य लंडनच्या माणसाने ऐकलं तर बोलणारा शिक्षक आहे आणि काल त्याने वर्गात प्रश्नपत्रिका वाटल्या, असं तो समजेल. विद्यार्थ्याने म्हणायचं ते 'आय टुक ॲन एक्झाम'. ब्रिटनमध्ये 'सिट ॲन एक्झाम' असंही म्हणतात, कॅनडात 'राइट ॲन एक्झाम' ऐकू येतं, आणि आपल्याकडचं 'अपिअर फॉर' हे प्रामुख्याने भारतीय उपखंडातलं. परदेशी विद्यापीठाला पत्र लिहायचं असेल तर 'टेक' सगळीकडे चालतं.

मुलाखतीचंही तसंच. 'दे टुक माय इंटरव्ह्यू' हे 'त्यांनी माझी मुलाखत घेतली'चं शब्दशः रूप. इंग्रजीत इथे 'टेक' येतच नाही: 'दे इंटरव्ह्यूड मी'. आणि नोकरीच्या उमेदवाराने 'आय गेव्ह ॲन इंटरव्ह्यू' म्हटलं, तर त्याने एखाद्या वर्तमानपत्राला किंवा वाहिनीला मुलाखत दिली असा अर्थ होतो. उमेदवारासाठी 'आय हॅड ॲन इंटरव्ह्यू' किंवा 'आय वेंट फॉर ॲन इंटरव्ह्यू'. प्राध्यापक लेक्चर घेतात, पण इंग्रजीत ते 'गिव्ह अ लेक्चर' करतात. अमेरिकेत कुणी 'आय ॲम टेकिंग अ क्लास इन अकाउंटिंग' म्हणालं तर तो शिकवत नसतो, बाकावर बसून शिकत असतो. ब्रिटिश शाळांत मात्र 'शी टेक्स अस फॉर मॅथ्स' म्हणजे त्या आम्हाला गणित शिकवतात. म्हणजे देणं-घेणं इंग्रजीतही सगळीकडे एका दिशेने चालत नाही.

हे सगळं होतं ते शब्दार्थाच्या वहीतल्या 'टेक म्हणजे घेणे' या ओळीमुळे. ती ओळ चूक नाही, पण अपुरी आहे. मराठीतून बघितलं तर 'टेक'च्या जागी आपल्याकडे घेणे, नेणे, लागणे, काढणे आणि कधी कधी देणे अशी निदान पाच क्रियापदं उभी असतात. यातलं कोणतं हे ठरवतं ते पुढे येणारं नाम.

'टेक अ लुक' म्हणताना हातात काही येत नाही. अर्थाचं सगळं ओझं 'लुक' वाहतो, 'टेक' फक्त वाक्य उभं करतो. आपल्या 'निरोप घेणे', 'चावा घेणे', 'माघार घेणे' यांतही तेच चालतं. कोणत्या नामाला कोणतं क्रियापद लागतं याचं तर्कशास्त्र नसतं, तो भाषेचा रिवाज असतो. आपण हाक मारतो, फोन लावतो, फोटो काढतो, शपथ घेतो, पाऊल उचलतो. मराठी शिकणारा एखादा परदेशी माणूस 'हाक केली' म्हणाला तर आपण अर्थ समजून घेतो, पण कान लगेच टवकारतो. आपल्या इंग्रजीचं समोरच्याला तसंच होतं. म्हणून नुसतं क्रियापद पाठ करू नये, नामासकट जोडी पाठ करावी.

<b>जिथे जुळतं</b>

सुदैवाने बऱ्याच जोड्या दोन्हीकडे सारख्या आहेत. भाग घेणे, काळजी घेणे, शपथ घेणे, श्वास घेणे, जबाबदारी घेणे, पुढाकार घेणे, आघाडी घेणे, सूड घेणे: या सगळ्यांना इंग्रजीतही 'टेक'च. इथे चूक होते ती मागच्या लहान शब्दात. 'टेक पार्ट इन', 'टेक केअर ऑफ', 'टेक प्राइड इन', 'टेक पिटी ऑन', 'टेक ऑफेन्स ॲट'. सुडाच्या बाबतीत मराठीतला 'कडून' हमखास घात करतो. 'त्याने शत्रूकडून सूड घेतला' या वळणाने 'टेक रिव्हेंज फ्रॉम' लिहिलं जातं, पण बरोबर आहे 'टेक रिव्हेंज ऑन'. मराठीत आपण कुणावर सूड उगवतो, ते 'वर' लक्षात ठेवलं की 'ऑन' आपोआप येतं.

रजा घेताना 'अ' लावायचा नाही. 'आय ॲम टेकिंग लीव्ह टुमॉरो' बरोबर, 'अ लीव्ह' चूक, कारण या अर्थाचा 'लीव्ह' मोजता येत नाही. एकच दिवस आहे हे सांगायचं तर 'टेक अ डे ऑफ'.

निर्णयाला 'टेक' आणि 'मेक' दोन्ही चालतात. ब्रिटिश इंग्रजीत 'टेक अ डिसिजन' सर्रास आहे, अमेरिकेत 'मेक अ डिसिजन'. अंघोळ, डुलकी आणि फेरफटका यांचीही अशीच वाटणी आहे: अमेरिकेत 'टेक अ बाथ', 'टेक अ नॅप', ब्रिटनमध्ये 'हॅव अ बाथ', 'हॅव अ नॅप'. दोन्हींतलं काहीही वापरलं तरी चूक नाही, एकाच पत्रात दोन्ही मिसळू नयेत एवढंच.

<b>जिथे पाय घसरतो</b>

महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांतलं इंग्रजी वाचलं की काही 'टेक' पुन्हा पुन्हा दिसतात, आणि प्रत्येकामागे एक अस्सल मराठी 'घेणे' लपलेलं असतं. सगळ्यांत वर 'टेक एफर्ट्स'. मेहनत घेणे, परिश्रम घेणे हे आपलं इतकं रोजचं आहे की 'द स्टुडंट्स टुक लॉट ऑफ एफर्ट्स' प्रत्येक स्नेहसंमेलनाच्या अहवालात सापडतं. इंग्रजीत एफर्ट 'मेक' करतात: 'द स्टुडंट्स मेड अ ग्रेट एफर्ट'. 'टेक'च हवा असेल तर 'पेन्स' हे नाम घ्या. 'टेक पेन्स' म्हणजे बारकाईने कष्ट घेणे.

त्याच्या खालोखाल 'टेक फॉलोअप'. 'फॉलो अप' हे क्रियापद स्वतःच्या पायावर उभं राहतं, त्याला 'टेक'चा टेकू नको: 'आय विल फॉलो अप विथ देम'. बोलताना दोन शब्द, लिहितानाही क्रियापद असेल तर दोन शब्दच. आढावा घेणे म्हणजे नुसतं 'रिव्ह्यू'. शोध घेणे म्हणजे 'सर्च फॉर' किंवा 'लुक फॉर'. चव घेणे म्हणजे 'टेस्ट', संशय घेणे म्हणजे 'सस्पेक्ट', जन्म घेणे म्हणजे 'बी बॉर्न'. मराठीत नाम आणि घेणे मिळून जे काम होतं, ते इंग्रजीत अनेकदा एकटं क्रियापद करतं. दोन शब्द लिहायला हात शिवशिवला की आधी एकट्या शब्दाची चौकशी करावी.

सभा 'होल्ड' करतात. परवानगी 'गेट' करतात. डॉक्टरची वेळ घेणे म्हणजे 'मेक ॲन अपॉइंटमेंट'. कॉलेजात प्रवेश घेतला याला आपण 'टुक ॲडमिशन' म्हणतो, भारताबाहेर 'एन्रोल्ड' किंवा 'गॉट इन्टू' म्हटलं तर कळतं. आक्षेप 'रेझ' करतात, मात्र 'टेक एक्सेप्शन टू' हा 'टेक'वाला पर्यायही आहे आणि त्यात थोडा रागही आहे.

नोकरीच्या अर्जात तर हे सांभाळायलाच हवं. 'आय हॅव टेकन माय एज्युकेशन फ्रॉम नाशिक' यात शिक्षण घेणे जसंच्या तसं उतरलं आहे. तिथे 'आय स्टडीड इन नाशिक' एवढंच पुरतं. प्रशिक्षण घेतलं असेल तर 'आय ट्रेन्ड ॲज' किंवा 'आय कम्प्लीटेड ट्रेनिंग इन'. अनुभव 'गेन' करतात.

एक जोडी अगदी उलट्या अर्थाची म्हणून वेगळी सांगतो. फायदा घेणे म्हणजे 'टेक ॲडव्हान्टेज ऑफ', म्हणून गैरफायदा घेणे म्हणजे 'टेक डिसॲडव्हान्टेज ऑफ' असणार, असा समज होतो. पण इंग्रजीत 'टेक डिसॲडव्हान्टेज' असं काही नाही. गैरफायद्यालाही 'टेक ॲडव्हान्टेज ऑफ'च म्हणतात. पुढे माणूस आला की अर्थ बहुधा गैरफायद्याचा होतो, आणि संधी, सवलत किंवा चांगली हवा आली की लाभ घेण्याचा. म्हणून कुणाच्या मदतीबद्दल आभार मानताना 'आय टुक ॲडव्हान्टेज ऑफ यू' असं चुकूनही लिहू नये. त्याचा अर्थ 'मी तुम्हाला वापरून घेतलं' असा होतो.

खरेदीचं घेणंही असंच गोत्यात आणतं. 'दिवाळीला साडी घेतली' यात 'विकत' न बोलताही कळतं. 'आय टुक अ सारी' यात ते कळत नाही. यात साडी उचलली एवढाच अर्थ आहे, आणि संदर्भ नसेल तर न विचारता उचलली असाही. 'बॉट' किंवा 'गॉट' म्हणावं. गंमत अशी की दुकानात उभं राहून, पाच साड्या उलगडून झाल्यावर एकीवर बोट ठेवून 'आय विल टेक धिस वन' म्हणणं अगदी बरोबर आहे. निवड जाहीर करताना 'टेक', झालेला व्यवहार सांगताना 'बाय'.

<b>इट टेक्स</b>

'टेक'चा सगळ्यांत कामाचा आणि शाळेत सगळ्यांत कमी शिकवलेला उपयोग वेळेचा आहे. इथे मराठीत घेणे नसतं, लागणे असतं. एक वाक्य सुटं करून बघू.

मला घरी पोहोचायला दोन तास लागले.

इट टुक मी टू अवर्स टू रीच होम.

'मला' म्हणजे 'मी', 'पोहोचायला' म्हणजे 'टू रीच', 'लागले' म्हणजे 'टुक'. मराठी वाक्यात 'लागले' तासांच्या मागे चालतं, म्हणजे तासच कर्ता आहेत. इंग्रजीला सुरुवातीला एक कर्ता हवाच असतो, म्हणून रिकामा 'इट' बसवतात. त्या 'इट'चा अर्थ शोधू नये, तो जागा अडवायला आहे. साचा असा: इट, मग काळानुसार टेक्स, टुक किंवा विल टेक, मग माणूस, मग वेळ, मग 'टू' आणि मूळ क्रियापद. माणूस गाळला तरी चालतं: 'इट टेक्स टेन मिनिट्स टू वॉक टू द स्टेशन'.

चुका होतात त्या ठरावीक जागी. 'इट टुक टू मी' मध्ये 'मला'चा 'ला' उगाच 'टू' होऊन बसला आहे. 'इट टुक मी टू अवर्स फॉर रीचिंग' मध्ये 'टू'च्या जागी 'फॉर' शिरला आहे. 'रीच'ला पुढे ठिकाण लागतं, नुसतं 'टू रीच' लिहून थांबता येत नाही. ठिकाण सांगायचं नसेल तर 'टू गेट देअर'. प्रश्न विचारताना 'हाउ लाँग डझ इट टेक' किंवा 'हाउ मच टाइम डझ इट टेक', पण 'हाउ लाँग टाइम' नाही.

'आय टुक टू अवर्स' हेही व्याकरणात बसतं, पण छटा बदलते. 'इट टुक मी' मध्ये काम वेळखाऊ होतं, 'आय टुक' मध्ये मी वेळ लावला. उशिराचं कारण साहेबांना कळवताना हा फरक महत्त्वाचा आहे.

लागणे फक्त वेळेचं नसतं. हिंमत लागते, संयम लागतो: 'इट टेक्स करेज', 'इट टेक्स पेशन्स'. एका हाताने टाळी वाजत नाही याला इंग्रजीत 'इट टेक्स टू टू टँगो' म्हणतात, म्हणजे टँगो नाचायला दोघं लागतात. पण पोह्यांना दोन कांदे लागतात तेव्हा 'टेक' नको, 'यू नीड टू अनियन्स' म्हणावं. भूक लागणे, ठेच लागणे, वेड लागणे यांचा तर 'टेक'शी काहीच संबंध नाही. रिमोटला दोन सेल लागतात किंवा गाडीत पाच जण मावतात तेव्हा मात्र 'टेक' पुन्हा हजर: 'द रिमोट टेक्स टू बॅटरीज', 'द कार टेक्स फाइव्ह'. वस्तूची सामावण्याची सोय किंवा तिच्या रचनेतली गरज असेल तर 'टेक'.

नेणे आणि आणणे यांत मराठी माणसाला अडचण येऊ नये, कारण आपला फरक इंग्रजीसारखाच आहे. बोलणाऱ्यापासून दूर ते 'टेक', त्याच्याकडे ते 'ब्रिंग'. 'आईला डॉक्टरकडे ने' म्हणजे 'टेक युअर मदर टू द डॉक्टर'. 'येताना दूध आण' म्हणजे 'ब्रिंग सम मिल्क'. जाऊन घेऊन येणे अशी दुहेरी फेरी असेल तर 'फेच'. 'कॅरी' म्हणजे वाहणे किंवा जवळ बाळगणे, त्यात दिशा नाही. सहलीच्या सूचनेत 'कॅरी अ वॉटर बॉटल' असं आपल्याकडे लिहितात, पण मुलांनी बाटली सोबत आणायची असेल तर 'ब्रिंग' जास्त नेमकं.

<b>ताटातलं आणि बाटलीतलं</b>

पंगतीत वाढताना आपण म्हणतो, 'घ्या ना, अजून एक पोळी घ्या.' इंग्रजीत हाच आग्रह 'हॅव'ने होतो: 'प्लीज हॅव अनदर वन'. स्वतःच्या हाताने वाढून घ्या असं म्हणायचं तर 'हेल्प युअरसेल्फ'. 'विल यू टेक टी' आता जुनाट वाटतं, 'वुड यू लाइक सम टी' म्हणावं. पण त्याच चहाच्या कपात साखर हवी का हे विचारताना 'डू यू टेक शुगर' अगदी सहज चालतं, कारण तिथे सवय विचारलेली असते.

औषधाला मात्र 'टेक'च. गोळी खाल्ली, औषध प्यायलो असं आपण म्हणतो, त्यावरून 'ईट मेडिसिन' म्हणू नये. वेष्टनावरच्या बऱ्याच सूचना 'टेक'ने सुरू होतात आणि त्या नीट वाचता येणं गरजेचं आहे. 'टेक वन टॅब्लेट ट्वाइस अ डे' म्हणजे दिवसातून दोनदा एकेक गोळी, एका वेळी दोन नव्हे. 'टेक विथ फूड' म्हणजे जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच, 'टेक ऑन ॲन एम्टी स्टमक' म्हणजे उपाशीपोटी. पातळ औषधावर 'टीस्पून' लिहिलं असेल तर ते 5 मिली, 'टेबलस्पून' असेल तर 15 मिली. हे दोन शब्द एकमेकांसारखे दिसतात आणि मात्रा तिप्पट होते, म्हणून घरातला चमचा न वापरता बाटलीसोबत आलेलं मापच वापरावं.

मोजमापालाही 'टेक' लागतो. शिंपी माप घेतो, नर्स ताप बघते, दोन्ही 'टेक': 'टेक मेझरमेंट्स', 'टेक हिज टेंपरेचर'. फोटो आपण काढतो, तोही 'टेक'. नोट्स काढतो, त्याही.

रूपं तीन: टेक, टुक, टेकन. 'टुक' ऱ्हस्व आहे, 'बुक'सारखा, त्याला 'टूक' असं ओढू नये. 'हॅव'नंतर 'टेकन', 'डिड'नंतर मूळ 'टेक'. 'डिडन्ट टुक' आणि 'हॅज टुक' दोन्ही चूक. 'टेक प्लेस' म्हणजे घडणे, पार पडणे. आपण 'कार्यक्रम घेण्यात आला' म्हणतो म्हणून 'द प्रोग्रॅम वॉज टेकन प्लेस' लिहिलं जातं, पण 'टेक प्लेस'चा कर्मणी प्रयोग होत नाही. 'द प्रोग्रॅम टुक प्लेस ऑन संडे', बस्स. तेही ठरवलेल्या गोष्टींसाठी. अपघात घडतो तेव्हा 'हॅपन' किंवा 'ऑकर'.

हा शब्द मुळात इंग्रजीचा नाही, हे मला फार आवडतं. जुन्या इंग्रजीत घेणे म्हणजे 'निमन' होतं, जर्मनमध्ये आजही 'नेमेन' आहे. नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात येऊन राहिले, पुढे 1016 ते 1035 डॅनिश राजा कनूट इंग्लंडच्या गादीवर होता, आणि त्यांच्या भाषेतला 'ताका' इंग्रजीत रुजून 'टेक' झाला. 'निमन' मागे पडला, पण पुरता मेला नाही. 'नम्ब', म्हणजे बधिर, हे त्याचंच उरलेलं रूप: ज्याची संवेदना काढून घेतली आहे तो. आपला 'घेणे' संस्कृतच्या 'ग्रह्' धातूपासून आला. ग्रहण, संग्रह, आग्रह त्याच घरातले. भाषाशास्त्रज्ञ इंग्रजीतल्या 'ग्रॅब'लाही याच धातूच्या कुळात धरतात. म्हणजे 'घेणे'चा इंग्रजीतला दूरचा भाऊबंद 'टेक' नाही, 'ग्रॅब' आहे.

<b>समानार्थी, पण बदली नव्हे</b>

'टेक'च्या जागी दुसरा शब्द शोधताना आधी कोणता 'टेक' बदलायचा आहे हे ठरवावं लागतं. हाताने घेण्याच्या अर्थात 'ग्रॅब' म्हणजे झटकन पकडणे, 'स्नॅच' म्हणजे हिसकावणे (सोनसाखळीच्या बातम्यांतला 'चेन स्नॅचिंग' सगळ्यांना माहीत आहे) आणि 'सीझ' म्हणजे जोराने ताब्यात घेणे. पोलीस किंवा कस्टम्स माल जप्त करतात तेव्हाही 'सीझ'. कुणी दिलेलं घ्यायचं तर 'रिसीव्ह' आणि 'ॲक्सेप्ट', पण यांत मोठा फरक आहे. 'रिसीव्ह' म्हणजे हाती पडणे, 'ॲक्सेप्ट' म्हणजे मनाने स्वीकारणे. आमंत्रण 'रिसीव्ह' होऊनही 'ॲक्सेप्ट' केलेलं नसू शकतं. वेळेच्या अर्थात 'रिक्वायर' औपचारिक आहे. 'लास्ट' वेगळा: सिनेमा तीन तास चालतो तो 'लास्ट्स', तो बघायला जायला एक तास लागतो तो 'टेक्स'. सहन करण्याच्या अर्थात 'आय कान्ट टेक इट' म्हणजे मला सहन होत नाही. तिथे 'टॉलरेट' किंवा 'बेअर' चालेल, पण त्यांत 'टेक'मधली कळवळ नाही.

'आय टेक इट यू आर कमिंग' यात घेण्यासारखं काहीच नाही. 'तुम्ही येताय असं धरून चालतो' असा त्याचा अर्थ, जवळचा शब्द 'अझ्यूम'. धरण्याचीच दुसरी जोडी 'टेक फॉर ग्रान्टेड', गृहीत धरणे. कर्म मध्ये येतं: 'डोन्ट टेक मी फॉर ग्रान्टेड'. 'ॲज ग्रान्टेड' नाही.

'मनावर घेणे'ला इंग्रजीत दोन वाटा आहेत. 'त्याने मनावर घेतलं तर एका दिवसात करील' इथे 'इफ ही सेट्स हिज माइंड टू इट'. 'तो बोलला ते मनावर घेऊ नकोस' इथे 'डोन्ट टेक इट टू हार्ट' किंवा 'डोन्ट टेक इट पर्सनली'. एकच मराठी शब्दप्रयोग, एकदा उमेद आणि एकदा दुखावणं. भाषांतर करताना पुढचं वाक्य वाचल्याशिवाय हात घालू नये. आणि 'वाचून घे', 'जेवून घे' यांतला घेणे इंग्रजीत उतरतच नाही, तो सोडून द्यायचा. 'काम करून घेतलं' म्हणजे 'गॉट द वर्क डन'.

'टेक'ला लहान शब्द जोडून होणारी क्रियापदं डझनावारी आहेत. सगळी इथे मांडत नाही, पण दोन-तीन नीट बघण्यासारखी आहेत. 'टेक ऑफ' म्हणजे विमान उडणे, चपला काढणे, आणि धंद्याने जोर धरणे. 'टेक आफ्टर' म्हणजे दिसण्या-वागण्यात घरातल्या मोठ्यावर जाणे: 'ती आजीच्या वळणावर गेली आहे' म्हणजे 'शी टेक्स आफ्टर हर ग्रँडमदर'. आजी नातीवर जात नाही, म्हणून उलटं म्हणायचं नाही. 'टेक इन' शिंप्याकडे कामाला येतो. ब्लाउज सैल झाला, बाजूने शिवण आत घ्यायची, तर 'कुड यू टेक इट इन ॲट द साइड्स'. शिवण उसवून सैल करायचा तर 'लेट इट आउट'. आणि 'आय वॉज टेकन इन' म्हणजे मी फसलो.

यांत सर्वनामाची जागा चुकते. नाम मागे किंवा मध्ये कुठेही चालतं: 'टेक ऑफ युअर शूज', 'टेक युअर शूज ऑफ'. सर्वनाम मध्येच हवं: 'टेक देम ऑफ'. 'टेक ऑफ देम' चूक. 'टेक आफ्टर' मात्र फुटत नाही, तिथे 'टेक्स आफ्टर हर' असंच राहतं.

आता हे सगळं एका पत्रावर लावून बघू. कचेरीतून जाणारी चार वाक्यं अशी असतात:

'यस्टर्डे वी टुक अ मीटिंग विथ द सप्लायर. आय ऑल्सो टुक फॉलोअप ऑफ पेंडिंग बिल्स. द टीम हॅज टेकन लॉट ऑफ एफर्ट्स. प्लीज टेक रिव्ह्यू ऑफ द अटॅच्ड शीट ॲन्ड टेक डिसिजन बिफोर फ्रायडे.'

सभेला 'मेट' पुरतं. पाठपुराव्याला 'फॉलोड अप ऑन'. मेहनतीला 'वर्क्ड हार्ड'. आढाव्याला एकटा 'रिव्ह्यू'. डिसिजनच्या आधी राहिलेला 'अ' घालायचा. मग होतं:

'वी मेट द सप्लायर यस्टर्डे. आय ऑल्सो फॉलोड अप ऑन द पेंडिंग बिल्स. द टीम हॅज वर्क्ड हार्ड. प्लीज रिव्ह्यू द अटॅच्ड शीट ॲन्ड टेक अ डिसिजन बिफोर फ्रायडे.'

पाच 'टेक'पैकी एक उरला, आणि पत्र अमेरिकेला जाणार असेल तर तिथेही 'मेक' लिहावं.